शेवंतीवरच्या छत्र्या

डोंबिवलीत आमच्या घराचा पत्ता कुणी विचारला की लोक सांगायचे, "ते काचेचं खोपटं आहे ना, त्याच्या पुढचं घर." म्हणजे खोपट्यावरून घर ओळखायचे, घरावरून खोपटं नाही. आईला याचं भारी कौतुक. अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, मात्र राग यायचा. ते खोपटं नव्हतं, काचघर होतं, आणि ते त्यांनी एकट्याने, चार रविवार खर्ची घालून उभं केलेलं. चार हा अण्णांचा आकडा. आईच्या मते अकरा रविवार, आणि त्यातल्या निम्म्या रविवारी काच धरून ती उभी होती. या दोघांचं हे भांडण मी तेव्हापासून ऐकत आले आणि शेवटपर्यंत ते काही मिटलं नाही.

अण्णा वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात फिटर होते. तिथली एक जुनी शेड पाडली तेव्हा लोखंडी चौकटीच्या सोळा खिडक्या भंगारात निघाल्या. साहेबाला विचारून अण्णांनी त्या उचलल्या, टेम्पोत उभ्या रचल्या आणि शीळफाट्यावरून डोंबिवलीपर्यंत मागे स्वतः त्यांना मिठी मारून बसले. चौदा घरी पोचल्या, दोन शीळफाट्याच्या खड्ड्यांनी खाल्ल्या. आई दारात येऊन बघते तर नवरा डोक्यापासून पायापर्यंत धुळीने माखलेला आणि टेम्पोत नुसत्या खिडक्या. "अहो, भिंती कुठायत?" असं तिने विचारलं म्हणे. लोक बायकोला साडी आणतात, आमच्या अण्णांनी खिडक्या आणल्या.

आणल्या त्या शेवंतीसाठी. आईचं माहेर सासवडच्या पुढचं. तिथे त्यांचा छोटासा मळा होता आणि मळ्याच्या बांधाला शेवंती. पिवळीधमक, जुन्या रुपयाएवढी, वासाला जरा कडवट. मळा कालव्यात गेला. जायच्या आधी आईने त्या शेवंतीच्या काशा, म्हणजे बुडाला फुटलेली मुळासकटची पोरं, ओल्या फडक्यात गुंडाळून पत्र्याच्या डब्यातून डोंबिवलीला आणल्या. देशावरची झाडं ती. आमच्याकडचा चार महिन्यांचा पाऊस त्यांना कुठला झेपायला! पहिल्याच श्रावणात कुजून गेल्या, दोनच वाचल्या. त्या दिवशी आईने जेवायला वाढलं आणि स्वतः जेवली नाही. अण्णा बोलण्यात महाकंजूष. तेव्हाही काही बोलले नाहीत. पुढच्या पावसाच्या आत मात्र इमारतीतल्या आमच्या तळमजल्याच्या घराला लागून, परसात काचेचं छप्पर उभं राहिलं. त्या दोन काशांच्या दोन वर्षांत बावीस कुंड्या झाल्या.

परदेशात म्हणे असली काचघरं झाडांना ऊब द्यायला बांधतात. आमच्याकडे उबेचा काय तुटवडा? दसरा झाला की आत भट्टीच. मग अण्णा काचेवर बाहेरून पातळ चुना फिरवायचे, खालच्या खिडक्या उघड्या टाकायचे, आणि उन्हाचा जोर जरा मोडायचा. आत मधोमध शेवंतीच्या कुंड्या, कडेने वनस्पती तुपाचे आणि रॉकेलचे डबे. डब्यांत टोमॅटो, मिरच्या, नवलकोल, मेथी, पालक, एका फुटक्या घमेल्यात मरवा. दिवाळीनंतर आमच्या घरात बाजारची भाजी क्वचित यायची. हिरव्या टोमॅटोची तीळ घालून केलेली चटणी, ताज्या मेथीचं पातळ पिठलं, आणि नवलकोलाचा कोवळा पाला आई डाळीत टाकायची तो. आता मी ठाण्यात आठव्या मजल्यावर राहते, मोबाइलवर बोट टेकवलं की अर्ध्या तासात मेथी दारात येते. निवडून, धुऊन, पिशवीत बंद. मेलीला वासच नाही, मेथी कसली ती!

काचघराच्या तिसऱ्या वर्षी मी दहावीला होते. माझं गणित म्हणजे नुसता आनंद. घरात खोल्या दोन आणि माणसं पाच. दोन धाकटे भाऊ सकाळ-संध्याकाळ कुस्ती खेळायचे, शेजारचा रेडिओ भिंतीतून आमच्याच घरात वाजायचा, आणि आईच्या फोडणीला प्रत्येक वेळी मला शिंका यायच्या. गणपती उठले तशी मी जाहीर केलं, "मी काचघरात बसणार अभ्यासाला." अण्णांनी दुसऱ्याच दिवशी स्वयंपाकघरातून वायर ओढून आत साठचा बल्ब टांगला आणि खोक्याच्या फळ्यांचं टेबल ठोकून दिलं. दिवेलागणीला मी तिथे जाऊन बसायची ते दहापर्यंत. आईने खास माझ्यासाठी शेवंतीच्या कुंड्या जवळजवळ सरकवून टेबलाला जागा केली. तिची स्वतःची शाळा चौथीत सुटलेली. सुटलेली कसली, काढलेली. मळ्यावर पाणी धरायला हात कमी पडतात म्हणून. ती याबद्दल कधी कुरकुरली नाही, पण मी वाचत असले की माझ्यामागे उभी राहून पुस्तकातली चित्रं बघायची आणि मी वळले की लगेच पानं खुडायला लागायची.

सर्वपित्रीच्या सुमारास मामा आला. माझ्या मामेबहिणीचं, सुमनचं, लग्न ठरलेलं. नवरा मुलगा टिटवाळ्याचा, लग्न कल्याणला, मार्गशीर्षात. आईच्या माहेरी एक रीत होती. घरची मुलगी बोहल्यावर उभी राहायची ती मळ्यातल्या शेवंतीची वेणी माळून. आई तशीच उभी राहिली होती, तिच्या आत्या, तिची आईसुद्धा. मळा गेल्यानंतर उभी राहणारी सुमन पहिलीच. मामाने पुण्यात नेलेल्या काशा गॅलरीत करपून गेल्या होत्या. तो चहाची बशी हातात धरून म्हणाला, "ताई, आता काय, बाजारातून आणू." आई ताडकन म्हणाली, "बाजारातून? माझ्या घरात बावीस कुंड्या असताना? सुमनची वेणी माझ्याकडून. शब्द देते." मामाच्या डोळ्यांत पाणी आलं. आईच्या नाही आलं, ती लगेच उठून त्याला काचघर दाखवायला घेऊन गेली.

आणि त्याच वर्षी शेवंती अडून बसली. आधीच्या दोन्ही वर्षी दसऱ्याला शेंड्यांवर कळ्यांचे हिरवे मणी दिसायला लागलेले. या वर्षी कोजागिरी आली तरी कळीचा पत्ता नाही. झाडं मात्र धष्टपुष्ट, कमरेपर्यंत वाढलेली, काळीभोर पानं. आईने काय काय केलं! शेणखत घातलं, शेंडे खुडले, तांदळाचं धुवण घातलं, एका कुंडीला तर दृष्टही काढली. सकाळी उठली की आधी काचघर, मग चूल. अण्णा म्हणायचे, "येतील." ती म्हणायची, "कधी? सुमनला पोरं झाल्यावर?"

कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी मी शाळेतून आले तर परसात ही गर्दी! आई इमारतीतल्या घराघरांत जाऊन काळ्या छत्र्या गोळा करून आणत होती. पावसाळा संपला की पुरुषांच्या त्या लांब दांड्याच्या छत्र्या माळ्यावर जायच्या. त्या तिने माळ्यावरून उतरवायला लावल्या. आतून पांढऱ्या दोऱ्याने प्रत्येकीवर मालकाचं नाव टाचलेलं. जोशी, देसाई, पाटील पहिला मजला. अशा अकरा छत्र्या. दिवेलागणीला मी अभ्यासाला गेले तर आई एकेक छत्री उघडून दोन-दोन कुंड्यांवर टेकवून ठेवत होती आणि कडेने गोणपाट खोचत होती.

"आई, हे काय नवीन?"

"दव पडतं."

"काचेच्या आत कसलं दव?"

"काचेवरून टपकतं पहाटे. कळी धरत नाही त्याने."

"कुणी सांगितलं?"

"कुणी कशाला सांगायला हवं? तू वाच गं गपचूप."

आता बघा, मी विज्ञानाची विद्यार्थिनी. दव पहाटे पडतं तर छत्र्या संध्याकाळी साडेसहाला कशाला उघडायच्या, एवढं तरी माझ्या डोक्यात यायला हवं होतं. डोंबल! मला फक्त एवढंच दिसलं की माझ्या टेबलाला तीन बाजूंनी छत्र्यांनी घेरलंय आणि उठताना एक काडी नेमकी कोपरात घुसते. इमारतीतली पोरं मला "छत्रीवाली" म्हणायला लागली. मी त्याचा सगळा राग आईवर काढायची. माझ्या जिभेला तेव्हाही हाड नव्हतं.

छत्र्यांचा नेम महिनाभर चालला. तुळशीचं लग्न झालं आणि एका सकाळी आई काचघरातून धावतच आली. हात मातीचे, पदर खोचलेला. "अहो, उठा! कळी आली! चौदा कुंड्यांवर आली!" अण्णा दाढीचा साबण तोंडाला तसाच ठेवून बघायला गेले. त्या दिवशी आईने आम्हा सगळ्यांना गोडाचा शिरा केला आणि भावांची कुस्ती चालू असताना पहिल्यांदाच त्यांना ओरडली नाही.

त्यानंतर आठ-दहा दिवसांनी तिला थंडी-ताप आला. हिवताप होता, अंथरुणातून उठवेना. खाटेवरून तिने मला सांगितलं, "मंदा, चार दिवस छत्र्या तेवढ्या तू उघड. विसरू नको हं. आता कळ्या फुगायच्या दिवसांत आहेत." मी हो म्हटलं. त्याच दिवशी गणिताचा सहामाहीचा पेपर हातात मिळालेला. शंभरात एकोणीस. वर्गात सगळ्यांसमोर बाईंनी मला उभं केलेलं. घरी येऊन काचघरात शिरले तर पहिलीच छत्री पायात आली. मी ती लाथेने बाजूला सारली. मग दुसरी, मग तिसरी, आणि मग सगळ्या मिटून दाराजवळ ढीग घातला. मला वाटलं, मरू देत ते दव. एक दिवस नाही, चारही दिवस. रोज रात्रीच्या जेवणाला मी आत गेले की आई खाटेवरून क्षीण आवाजात विचारायची, "उघडल्यास ना गं छत्र्या?" आणि मी ताटावरून मान वर न करता म्हणायची, "हो गं, उघडल्यात." आज हे लिहिताना मला माझ्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

पाचव्या दिवशी ती उठली. भिंतीला धरत काचघरात गेली. दाराशी तो ढीग तसाच होता, मी तो हलवायलाही विसरले होते. मी आतल्या खोलीत श्वास रोखून उभी, आता तोंडाचा पट्टा सुटणार म्हणून. काहीच नाही. संध्याकाळी मी अभ्यासाला बसले तेव्हा ती आली, एकेक छत्री उघडून ठेवली आणि माझ्या पायाशी पाट टाकून मेथी निवडत बसली. तेव्हापासून रोज बसायची. मला वाटलं, पहारा देतेय. म्हणून आणखीनच राग आला.

लग्नाचा दिवस उजाडला तेव्हा शेवंतीच्या कळ्या अर्ध्याच उमललेल्या. चार दिवस अजून मिळाले असते तर. आई पहाटे दिवा घेऊन त्यातल्या त्यात फुललेल्या शोधत होती. वीतभर वेणी झाली, तीही मधेमधे मरव्याच्या काड्या गुंफून. केळीच्या पानात ती बांधून आम्ही कल्याणला गेलो. सुमनच्या अंबाड्यावर आईने ती माळली तेव्हा मामीने चारचौघींत विचारलं, "वन्सं, एवढीशीच? बावीस कुंड्या म्हणाला होतात ना?" मामी वाईट नव्हती हो, दमलेली होती बिचारी. मग बाजारातून अबोलीचे गजरे आणून वरून लावले आणि शेवंती त्याखाली जवळजवळ झाकून गेली. आई हसत होती, सुमनचा पदर सारखा करत होती. आणि मी, पंधरा वर्षांची शहाणी, तिच्या कानाशी जाऊन म्हटलं, "तरी मी म्हणत होते. बाजारात ढिगाने मिळतात. नसता हट्ट तुझा."

"हो गं," आई म्हणाली. "चुकलंच माझं."

आठवड्याभरात काचघर नुसतं पिवळं झालं. बावीसच्या बावीस कुंड्या फुलल्या, दारातून आत शिरायला जागा नाही. माळायला आता कुणी नवरी नव्हती. आईने अकरा वेण्या केल्या आणि ज्याची छत्री त्याच्या घरी, एकेक वेणी मुठीला अडकवून, छत्र्या परत केल्या. बारावी वेणी माझ्या केसात घातली. मी शाळेच्या रस्त्यावर ती काढून दप्तरात टाकली, कारण मैत्रिणी काकूबाई म्हणाल्या असत्या.

दहावीला गणितात मला अठ्ठावन्न मार्क पडले. अठ्ठावन्न! निकालाचा कागद आईने देवापुढे ठेवला, आणि त्याच्यावर काशांची एक जुडी, कारण फुलांचा हंगाम नव्हता. पुढे मी शिकले, सरकारी कचेरीत लागले, बत्तीस वर्षं हिशेब तपासले. मला गणिताची भीती होती यावर आज घरात कुणाचा विश्वास बसत नाही.

आई गेली त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. ती गेल्यावर अण्णा माझ्याकडे ठाण्याला राहायला आले. डोंबिवलीची इमारत पाडून तिथे टॉवर उभा राहिला. काचघर पाडलं त्या दिवशी अण्णा तिकडे फिरकले नाहीत. एकदा दुपारी मटार सोलता सोलता मी सहज म्हटलं, "अण्णा, त्या वर्षी शेवंतीला काय झालं होतं हो? आई ते दव-दव करत बसलेली."

अण्णांनी सोललेले दाणे बाजूला ठेवले. "दव कसलं? तुझा दिवा होता तो."

मला कळेचना. मग आयुष्यात पहिल्यांदा अण्णा सलग पाच मिनिटं बोलले. आईने कोजागिरीला भोईर मामांना बोलावलं होतं. कल्याणच्या खाडीकडचे ते, पिढीजात भाजीमळेवाले, आम्हाला शेणखत आणून द्यायचे. त्यांनी झाडं बघितली, वर टांगलेला बल्ब बघितला आणि हसायलाच लागले. "वैनी, झारांना रातची झोप लागते. शेवंतीला तर काळोख पायजेच, त्याबिगर ती कळी धरत नाय. तुमचे पोरीचा दिवा तिला झोपू देत नाय. दिवा काढा."

"मग?" मी विचारलं.

"मग काय! तुझी आई म्हणाली, दिवा नाही निघायचा. दुसरं काय ते सांगा. तेव्हा भोईर म्हणाला, 'मंग झारांचे डोले झाका.' म्हणून छत्र्या."

"मला का नाही सांगितलं?"

"मी म्हटलं होतं, सांग पोरीला, बसेल घरात. तर म्हणाली, तिला कळलं तर ती आपणहून दिवा घालवेल आणि पुन्हा त्या गोंधळात जाऊन बसेल. कळता कामा नये."

मी हातातली शेंग खाली ठेवली. विचारायचं ते विचारलंच. "आणि ते चार दिवस, अण्णा? आई तापात होती तेव्हा मी छत्र्या उघडल्याच नव्हत्या."

"ठाऊक आहे. तिलाही ठाऊक होतं. खाटेवरून काचघर समोरच दिसायचं ना. छत्र्या असल्या की खालून अर्धी काच काळी. त्या चारही दिवशी काच वरपासून खालपर्यंत लख्ख. पहिल्याच रात्री मी चप्पल घालून उघडायला निघालो तर माझा हात धरून ठेवला. म्हणाली, जाऊ नका, तिचं लक्ष मोडेल. आज शाळेत काहीतरी झालंय तिचं, तरी बसलीय बघा अभ्यासाला."

"मग मला रोज विचारायची कशाला?"

अण्णांनी मटाराची शेंग हातात घेतली, सोलली नाही. "तुला एकदा तरी नाही म्हणावंसं वाटेल म्हणून असेल. मी नाही विचारलं कधी."

मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून रडले. वीतभर वेणी, मामीचं ते बोलणं, आणि "हो गं, चुकलंच माझं." सगळं जाणून म्हणाली होती बाई. तिने दिलेला शब्द माझ्यापायी तोकडा पडला आणि त्याचं खापर तिने स्वतःच्या डोक्यावर फोडून घेतलं. तिची माफी मागायची राहून गेली, आणि आता ती कुणाकडे मागू?

अण्णाही गेले. त्यांनी डोंबिवलीहून येताना आणलेल्या काशांची माझ्या गॅलरीत आज सहा कुंड्या शेवंती आहे. गॅलरी अण्णांच्या आठवणीखातर मी काचेने बंद करून घेतलीय. माझी नात ईरा बारावीला आहे. मुलाच्या घरी टीव्ही आणि मोठ्या आवाजातले फोन चालू असतात, म्हणून नवरात्रापासून ती संध्याकाळी माझ्याकडे येते आणि गॅलरीत टेबल टाकून दिव्याखाली वाचत बसते. कोजागिरी झाली, दिवाळी तोंडावर आली. शेवंती हिरवीगार, कमरेएवढी. कळी एकही नाही.

काल दिवेलागणीला मी माळ्यावरून छत्र्या काढल्या. आता त्या बटण दाबलं की फटकन उघडतात. एकेक उघडून कुंड्यांवर टेकवायला लागले तशी ईराने कानातले इअरफोन काढले.

"आजी, हे काय चाललंय तुझं?"

"दव पडतं गं."

"सीरियसली? आठव्या मजल्यावर? काचेच्या आत?"

"पडतं," मी म्हटलं. "तू वाच."